बाळाच्या हृदयातली गाठ : निदान झाले, पुढच्या वीस वर्षांचे काय?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे ऑनलाइन उद्घाटन केले. त्या दहांत अंबरनाथचे नाव आहे. त्याच्या तीन महिने आधी, १ जुलै २०२४ पासून, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट निघाली. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी या दोन्ही बातम्या आनंदाच्या आहेत. आम्हीही आनंद मानतो. पण आरोग्याची बातमी किती खरी, हे इमारतीवरून किंवा रकमेवरून कळत नाही. ज्याला एकदा नव्हे, वर्षानुवर्षे दवाखान्यात यावे लागते, त्या पेशंटचे काय होते त्यावरून ते कळते.

म्हणून या लेखात आम्ही मुद्दाम एक छोटा, फारसा चर्चेत नसलेला विषय घेत आहोत : हृदयात गाठ घेऊन जन्मलेली मुले. आकड्याने हा आजार लहान आहे. पण ज्या घरात तो येतो तिथे सोनोग्राफीच्या खोलीपासून ते मुलाच्या निकाहच्या बोलणीपर्यंत तो सोबत राहतो. आणि इथेच आपली सरकारी व्यवस्था, आपली जमात आणि आपले घर, तिघेही कमी पडतात. ऑपरेशनला सगळे धावतात. ‘फॉलो-अप’ला कोणी नसते.

‘ट्यूमर’ ऐकले की घर बसते

पहिली गोष्ट स्पष्ट करू. लहान मुलांच्या हृदयातल्या दहापैकी साधारण नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात. डॉक्टर ‘ट्यूमर’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ फक्त गाठ. घरी मात्र तो शब्द कॅन्सर म्हणूनच पोहोचतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्या भीतीत होतात.

निम्म्याहून जास्त मुलांमध्ये ही गाठ ‘ऱ्हॅब्डोमायोमा’ नावाची असते. हृदयाच्या स्नायूतूनच ती तयार होते, गर्भात वाढते आणि जन्मानंतर बहुतेक वेळा आपोआप आटू लागते. पहिल्या दोन-चार वर्षांत बऱ्याच मुलांच्या गाठी खूप लहान होतात किंवा एकोमध्ये दिसेनाशा होतात. चाकू न लावता आटणारी गाठ शरीरात फार कमी ठिकाणी पाहायला मिळते. म्हणून या मुलांमध्ये ऑपरेशन हा अपवाद असतो. रक्ताची वाट अडत असेल किंवा औषधाला न जुमानणारी धडधड असेल तरच ते करतात.

दुसरी गाठ ‘फायब्रोमा’. ती बहुधा एकच असते, हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंतीत बसते आणि आपोआप जात नाही. तिच्यामुळे हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात, म्हणून ती अनेकदा काढावी लागते. तिसरी ‘मिक्सोमा’. ही मोठ्या माणसांत जास्त दिसते, पण कधी मुलांतही सापडते. तिचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर लकवा होऊ शकतो, म्हणून ती लवकर काढतात. १९५४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी अशी गाठ हृदय उघडून यशस्वीपणे काढली, तिथून या शस्त्रक्रियेचा रस्ता मोकळा झाला. हृदयाभोवतीच्या आवरणातला ‘टेराटोमा’ हा चौथा प्रकार. त्याने छातीत पाणी साठते, पण वेळेवर काढला तर बाळ चांगले वाढते. कॅन्सरची गाठ मुलांच्या हृदयात फार क्वचित असते, आणि तिचा अंदाज मात्र खरोखर कठीण असतो.

म्हणजे ‘आमच्या बाळाचे पुढे काय?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. अम्मी-अब्बूंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा : गाठ कोणत्या प्रकारची वाटते, एक आहे की अनेक, आणि ती रक्ताची वाट अडवते का?

गाठ आटते, आजार राहतो

इथे या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त निसटणारा मुद्दा येतो. ऱ्हॅब्डोमायोमा असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’ नावाचा जनुकीय आजार असतो. गाठी एकापेक्षा जास्त असतील तर ही शक्यता आणखी वाढते. नावात ‘ट्यूबर’ आहे म्हणून कोणी टीबी समजू नये. याचा टीबीशी काही संबंध नाही आणि हा लागणारा आजार नाही. साधारण सहा हजार ते दहा हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो.

हा संबंध नवा नाही. १८६२ मध्येच फॉन रेक्लिंगहाऊझेन या जर्मन डॉक्टराने एका नवजात बाळाच्या हृदयातल्या गाठी आणि मेंदूतले टणक भाग एकत्र नोंदवले होते. १८८० मध्ये फ्रान्सच्या बूर्नव्हील यांनी आजाराला नाव दिले. त्यामागची दोन जनुके १९९० च्या दशकात सापडली.

या आजारात हृदय हे बहुतेक वेळा पहिले दार असते. गाठ हृदयात दिसते, पण पुढच्या आयुष्याचा खरा निकाल मेंदू आणि किडनी लावतात. दहापैकी आठ-नऊ मुलांना कधी ना कधी फिट येतात. जवळपास निम्म्या मुलांना शिकण्यात कमी-जास्त अडचण असते. बऱ्याच मुलांत ऑटिझमची लक्षणे दिसतात. वय वाढते तशा किडनीत गाठी होऊ शकतात, ब्लडप्रेशर वाढू शकते. आणि बाकीची मुले? ती शाळा शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. एकाच आजारात एवढा फरक असतो. म्हणूनच नियमित तपासणीला एवढे महत्त्व आहे.

आता विचार करा. दोन वर्षांच्या मुलाचा एको झाला. डॉक्टर म्हणाले, ‘गाठ जवळजवळ गेली.’ घरात मिठाई वाटली, शुक्राना झाला, फाइल कपाटात गेली. हे स्वाभाविक आहे. पण ज्या दिवशी हृदयाची गाठ गेली, त्या दिवशी मेंदू, किडनी आणि ठोक्यांची तपासणी संपलेली नसते. चांगल्या बातमीनंतरच ही मुले हातातून निसटतात.

पहिले वर्ष : दचकणे समजू नका

ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या बाळांत पहिल्या वर्षी येणारे झटके फार फसवे असतात. बाळ अंग ताठ करून पडत नाही. ते एकदम मान पुढे टाकते, हात आवळते, क्षणभर थांबते, पुन्हा तसेच करते, आणि हे एकामागून एक होते. बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावर होते. घरच्या मोठ्या बायका म्हणतात, बाळ दचकते, पोटात कळ येते, नजर लागली. तेवढ्यात आठवडे निघून जातात. या झटक्यांवर ‘व्हिगाबॅट्रिन’ हे औषध लवकर सुरू झाले तर मुलाच्या बुद्धीचे नुकसान कमी होण्याची आशा असते, उशीर झाला तर ती आशा घटते. या औषधावर असताना डोळ्यांची तपासणी मात्र चुकवायची नसते.

म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की अशा बाळाला झटके नसले तरी पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर तीन महिन्यांनी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढावा. घरच्यांनी एक साधे काम करावे : शंका आली की मोबाइलवर व्हिडिओ काढावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. या मोबाइलचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

त्वचेवरचे पांढरट, पानासारखे डाग हीदेखील या आजाराची खूण असते. आपल्याकडे त्यांना कोड किंवा जंताचे डाग म्हणून सोडून देतात. मोठेपणी नाकाच्या दोन्ही बाजूंना येणारे लालसर पुरळ मुरुमे समजून क्रीम लावले जाते. हृदयातल्या गाठीचा इतिहास असेल तर ही दोन्ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून दाखवावीत.

पुढच्या तपासण्या कधी?

ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या मुलांसाठीचे वेळापत्रक साधारण असे आहे. प्रत्येक मुलाचे डॉक्टर त्यात बदल करतील.

– हृदय : गाठी आटल्याचे दिसेपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी एको. त्रास असेल किंवा गाठ मोठी असेल तर लवकर लवकर, आणि नवजात बाळात तर आठवड्यांच्या हिशेबाने.
– ठोके : गाठ गेली तरी दर तीन ते पाच वर्षांनी ईसीजी, आयुष्यभर. या मुलांमध्ये ठोक्यांची ‘आडवाट’ असण्याचे प्रमाण जास्त असते, आणि धडधड मोठेपणीही सुरू होऊ शकते.
– मेंदू : वयाच्या पंचविशीपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी एमआरआय.
– किडनी : दर एक ते तीन वर्षांनी पोटाचा एमआरआय, आणि दर वर्षी ब्लडप्रेशर. होय, लहान मुलाचेसुद्धा.
– शिकणे आणि वागणे : दर वर्षी विचारपूस. शाळेत जाण्याआधी, प्राथमिक शाळेत आणि वयात येताना सविस्तर तपासणी.
– मुली अठरा वर्षांच्या झाल्यावर फुफ्फुसाची तपासणी, कारण या आजारातला फुफ्फुसाचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांना होतो.

ज्यांची फायब्रोमाची गाठ काढली आहे त्यांच्यासाठी हे वेळापत्रक नाही, पण ठोक्यांची तपासणी त्यांनाही कायम लागते. मिक्सोमा काढलेल्या मुलांचा दर वर्षी एको व्हावा, कारण काहींमध्ये ती पुन्हा होते, विशेषतः घराण्यात असेल तर.

कोणत्याही मुलाला धावताना चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत अचानक फडफड झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

औषध आहे, पण जपून

गाठ मोठी असेल आणि ऑपरेशन धोक्याचे वाटत असेल तर आता ‘सिरोलिमस’ किंवा ‘एव्हरोलिमस’ ही औषधे वापरतात. त्यांनी अनेक बाळांच्या गाठी झपाट्याने लहान झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. सिरोलिमसचे मूळ प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूत आहे, आणि ते औषध म्हणून पुढे आणण्यात डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय उपखंडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे.

पण ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. तोंडात फोड येतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तातली पातळी मोजत राहावे लागते. औषध बंद केल्यावर काही बाळांत गाठ पुन्हा थोडी वाढते. फिटची काही जुनी औषधे, जसे कार्बामॅझेपाइन आणि फेनिटॉइन, एव्हरोलिमसची रक्तातली पातळी खाली आणतात. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना हृदयाचे औषध आणि हृदयाच्या डॉक्टरांना फिटचे औषध माहीत असलेच पाहिजे. दोन हॉस्पिटलांच्या दोन फाइली ठेवू नका. एकच फाइल, आणि तिचा प्रत्येक कागद मोबाइलमध्ये.

लसीबद्दलही बोलले पाहिजे. या औषधांवर असताना गोवरासारख्या काही जिवंत लसी देता येत नाहीत, म्हणून औषध सुरू करण्याआधी लसींचे वेळापत्रक डॉक्टरांसोबत ठरवावे. आणि घरातल्या बाकीच्या मुलांच्या लसी चुकवू नयेत, कारण त्यांची लस हीच या मुलाची ढाल आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचे काय झाले ते आपण विसरता कामा नये.

पोटातच कळले तर

ही गाठ बहुधा विसाव्या आठवड्यानंतरच्या सोनोग्राफीत दिसते. पाचव्या महिन्यातल्या तपासणीत काही नसते आणि सातव्या महिन्यात गाठ सापडते, असेही होते. याचा अर्थ आधीच्या डॉक्टरने चूक केली असा नव्हे. गाठ गर्भाच्या उत्तरार्धातच वाढते.

मग घरात एकच प्रश्न उभा राहतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने त्यानंतरही गर्भपाताची मुभा देतो. शरीअतची रेषा वेगळी आहे. १२० दिवसांनंतर, आईच्या जिवाला धोका असल्याखेरीज, बहुसंख्य फुकहा परवानगी देत नाहीत. मक्केच्या इस्लामी फिक्ह परिषदेने १९९० मध्ये हीच भूमिका घेतली होती. म्हणजे आपल्या घरांत हा निर्णय कायद्यापाशी संपत नाही.

आम्ही इथे फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की मुफ्तीसाहेबांकडे जाताना ‘बाळाच्या हृदयात ट्यूमर आहे’ एवढेच वाक्य घेऊन जाऊ नका. गर्भाच्या हृदयाच्या तज्ज्ञाकडून लिहून आणा : गाठ किती मिलिमीटरची, किती, रक्ताची वाट अडली आहे का, ठोके नीट आहेत का, बाळाच्या अंगात पाणी साठले आहे का. गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी असणे, ठोके बिघडणे आणि अंगात पाणी साठणे या धोक्याच्या खुणा मानल्या जातात. त्या नसतील तर बहुतेक बाळे जन्मानंतर चांगली तग धरतात. पण मेंदूचा प्रश्न वेगळा राहतो, तोही प्रामाणिकपणे विचारा. अर्धवट माहितीवर घेतलेला कोणताही निर्णय, कोणत्याही बाजूचा असो, आयुष्यभर बोचतो.

आणि गर्भ ठेवायचा ठरला तर बाळंतपण कुठे करायचे हेही त्याच दिवशी ठरवा. ज्या मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळाच्या हृदयाचा डॉक्टर आहे तिथेच ते व्हावे.

दोष कोणाचा?

हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, घर विचारते. आणि उत्तर बहुतेक वेळा सुनेच्या नावावर लिहिले जाते. ग्रहणात बाहेर गेली, काहीतरी खाल्ले, माहेरच्या रक्तात आहे.

ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या साधारण दोन-तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. आई किंवा वडील कोणाकडूनही तो आलेला नसतो. त्यात कोणाचा हात नसतो. उरलेल्यांत तो आई किंवा वडिलांकडून येतो, आणि वडिलांकडून येण्याची शक्यता आईइतकीच असते. म्हणून तपासणी दोघांची व्हावी.

आणखी एक गैरसमज दवाखान्यातही ऐकू येतो : ‘तुमच्यात चुलत-मामे भावंडांत लग्ने होतात ना, म्हणून.’ जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे काही आजारांचे प्रमाण वाढते हे खरे आहे, त्याचा विचार आपण केलाच पाहिजे. पण हा आजार त्या जातीचा नाही. हा एकाच बिघडलेल्या जनुकामुळे होतो, त्याला दोन्हीकडून येण्याची गरज नसते. नात्यात लग्न न झालेल्या घरांतही तो तितकाच येतो. एखाद्या आईला या कारणाने गप्प केले जात असेल तर तो अन्याय आहे.

पुढच्या बाळाचे काय? आई-वडील दोघांनाही आजार नसेल तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण एक ते दोन टक्के. दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात पन्नास टक्के. हेच गणित पुढे या मुलाच्या निकाहच्या वेळी लागेल. ते लपवून केलेली सोयरीक नंतर मोडते. सांगून केलेली टिकते, उशिरा का होईना.

जांभूळपासून परळ किती लांब?

जांभूळचे नाव ठाणे जिल्ह्यात पाण्यामुळे माहीत आहे. बारवीचे पाणी एमआयडीसीच्या जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन लाखो घरांत पोहोचते. पण याच जांभूळच्या एखाद्या बाळाला हृदयाचा एको हवा असेल तर मुलाला कडेवर घेऊन अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशन गाठायचे, तिथून पन्नास किलोमीटरहून जास्त लोकलने परळपर्यंत, मग वाडिया किंवा केईएम. किंवा रस्ता बदलून खारघरला, जिथे श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयावर मोफत उपचार होतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे, पण तान्ह्या बाळाच्या हृदयाचा एको करायला वेगळे हात आणि वेगळे प्रशिक्षण लागते.

एका तपासणीला एक रोजंदारी बुडते, अनेकदा दोन. पावसाळ्यात तर रस्ताच बंद होतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवसांत कोणाच्या घरी फिटच्या औषधाची शेवटची गोळी राहिली असेल, याची बातमी होत नाही. म्हणून जूनपासून निदान पंधरा दिवसांचे औषध घरात जास्तीचे ठेवावे. फिटचे औषध एकदम बंद पडणे धोक्याचे असते.

आता योजनांकडे येऊ. जन आरोग्य योजना ऑपरेशन आणि हॉस्पिटलातला मुक्काम सांभाळते, हे मोठे काम आहे. तिची सुरुवात २०१२ मध्ये झाली तेव्हा ९७१ उपचारांसोबत १२१ फॉलो-अप पॅकेजही होती. म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटला सोडून द्यायचे नसते, हे सरकारला माहीत आहे. पण ज्या मुलाचे ऑपरेशनच झाले नाही, ज्याला फक्त दर वर्षी एको, ईईजी, एमआरआय आणि रोजचे औषध हवे आहे, त्याचा खर्च प्रामुख्याने खिशातूनच जातो. गाठ आपोआप आटली हे त्याचे नशीब, पण त्याच कारणाने तो योजनेच्या बाहेर, हा विरोधाभास आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाला. अंगणवाडी आणि शाळेत येणारे हेच पथक. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर ते तपासते आणि मुलाला पुढे पाठवते. जांभूळच्या अंगणवाडीत पथक येईल तेव्हा मुलाची फाइल दाखवा, नोंद करून घ्या. मुलाला ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर २०१६ च्या कायद्याखाली यूडीआयडी कार्ड मिळते, आणि नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा, ज्यात ओपीडी आणि थेरपीही येते. मुंबईच्या धर्मादाय हॉस्पिटलांत गरीब रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. हे मागावे लागते, कोणी घरी आणून देत नाही.

जमातीने काय करावे?

आपल्याकडे मदतीची कमी नाही, मदतीची सवय चुकीची आहे. ‘ऑपरेशनला तीन लाख कमी पडतात’ असा मेसेज आला की जुम्माच्या नमाजनंतर झोळी भरते. ‘दर सहा महिन्यांनी तपासणीला आणि लोकलला दोन-तीन हजार लागतात, पुढची दहा वर्षे’ असे कोणी लिहिले तर कोणी वाचतही नाही. पण मुलाचे भवितव्य या दुसऱ्या पैशात आहे. जकातीस पात्र असलेल्या कुटुंबाचा तपासणी आणि औषधांचा खर्च मशिदीच्या किंवा ट्रस्टच्या फंडाने वर्षभरासाठी उचलावा. एका मोहल्ल्यात असे एखादेच मूल असेल. एवढे आपल्याला झेपते.

रमजानचेही बघावे. फिटच्या औषधाचा डोस चुकणे आणि सेहरीमुळे झोप तुटणे, या दोन्हीने फिट येऊ शकते. अशा मुलाने हौसेने रोजा धरायचा म्हटले तर आधी डॉक्टरांना आणि आपल्या इमामसाहेबांना विचारा. आजाऱ्याला सवलत आहेच. ती घेतल्याने मुलाचा ईमान कमी होत नाही, हे त्याला घरातल्या मोठ्यांनीच सांगायला हवे.

शाळा आणि मदरशातल्या उस्तादांनाही कल्पना द्यावी. मूल खोडकर नाही, त्याचे लक्ष आजारामुळे लागत नसेल. आणि ‘हार्ट पेशंट’ म्हणून प्रत्येक मुलाला खेळातून बाहेर बसवू नये. ईसीजी आणि होल्टर ठीक असतील तर डॉक्टर खेळायला हो म्हणतात.

मुलगी असेल तर तिची फाइल मुलाच्या फाइलइतकीच जाड असली पाहिजे. हे लिहावे लागते, यातच बरेच आले.

अंबरनाथकडे आपली मागणी

नवे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहायला वर्षे लागतात. पण आतापासून काही गोष्टी मागता येतील, आणि त्या फार खर्चिक नाहीत. महिन्यातून एक दिवस मुंबईच्या बालहृदयरोगतज्ज्ञांची ओपीडी अंबरनाथला. लहान मुलांचा एको शिकलेला एक डॉक्टर. ईईजीचे यंत्र, आणि तो आलेख मुंबईच्या तज्ज्ञाला ऑनलाइन दाखवण्याची सोय. जन आरोग्य योजनेत ऑपरेशन न झालेल्या मुलांसाठीही वार्षिक फॉलो-अप पॅकेज. आणि जिल्ह्यात अशा मुलांची एक नोंदवही, म्हणजे जे मूल तपासणीला आले नाही त्याच्या घरी आशाताई जाऊन विचारील.

यासाठी निवेदन द्यायला फक्त आपण जाऊ नये. जांभूळ, वसत, बदलापूर, उल्हासनगरचे सगळे शेजारी सोबत घेऊन जावे. ही गाठ नाव किंवा मजहब विचारून येत नाही.

ज्या घरात आज असे बाळ आहे त्या अम्मी-अब्बूंना आमचे एवढेच सांगणे आहे. दुआ सुरू ठेवा, दवा सोडू नका. डॉक्टर ‘गाठ गेली’ म्हणतील त्या दिवशी अल्हम्दुलिल्लाह म्हणा, आणि घरी येण्याआधी खिडकीवर पुढची तारीख लिहून घ्या.